राज्यान्ताची कादंबरी आणि वाचकाची निवड

१

मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा वाचक हा एक स्वतंत्र वर्ग आहे. सामाजिक कादंबरी हाती घेताना वाचक बहुधा लेखकाचे नाव पाहतो. ऐतिहासिक कादंबरी घेताना तो नायकाचे नाव पाहतो. ‘श्रीमान योगी’ वाचून झाली की त्याला ‘छावा’ हवी असते. ‘राऊ’ मिटली की तो ‘स्वामी’ उघडतो, आणि ‘स्वामी’तील माधवरावाच्या वाट्याला वारशाने कोणते ओझे आले हे नीट कळावे म्हणून ‘पानिपत’कडे वळतो. रणजित देसाई, शिवाजी सावंत, ना. सं. इनामदार आणि विश्वास पाटील यांचे ग्रंथ त्याच्या कपाटात शेजारी शेजारी नांदतात. या लेखकांच्या प्रकृतीत साम्य फारसे नाही. छत्रपती आणि पेशवे यांच्या वंशावळीच्या सूत्रात ते ओवले गेले आहेत, एवढेच.

या निवडीला केवळ वीरपूजा म्हणून नाक मुरडणे योग्य होणार नाही. मराठी वाचकाने पराभवाचे वर्णन टाळले, असे कोणाला म्हणता येणार नाही. ‘छावा’चा शेवट १६८९ मधील संभाजीराजांच्या क्रूर वधात होतो. ‘पानिपत’चा विषयच मुळी १७६१ चा संहार हा आहे. ‘स्वामी’ १७७२ मध्ये थेऊरला माधवरावाच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सहगमनाने संपते. या तिन्ही कादंबऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचकांचे डोळे ओले केले आहेत. तथापि या तिन्ही शोकान्तांत एक गोष्ट समान आहे. नायक जातो, पण राज्य राहते. संभाजीराजांनंतर राजाराम आणि ताराबाई आहेत; पानिपतानंतर सुमारे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत आहेत; माधवरावानंतर नाना फडणीस आणि महादजी शिंदे आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर काय घडले हे वाचकाला ठाऊक असते, आणि ते ज्ञान त्याच्या दुःखाला आतून आधार देत असते.

जिच्या शेवटच्या पानानंतर असा आधार उरत नाही, ती कादंबरी निराळी. तिच्यात राजा जातो आणि त्याच्याबरोबर गादीही जाते. दप्तरे दुसऱ्याच्या ताब्यात जातात, निशाण बदलते, आणि ज्या भाषेत राज्याचे हुकूम निघत असत ती भाषा प्रजेची भाषा होऊन राहते. अशा कृतीला ‘राज्यान्ताची कादंबरी’ म्हणता येईल. भारतीय भाषांत तिची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. किंबहुना काही भाषांत कादंबरीचा आरंभच तिने झाला आहे. नायकांची वंशावळ वाचून संपवलेल्या वाचकाने पुढे काय वाचावे, या प्रश्नाचे एक उत्तर या परंपरेत आहे. हे उत्तर सुखकारक नाही. पण ज्या प्रश्नापाशी वीरगाथा थांबते त्या प्रश्नाला ते थेट भिडते. तो प्रश्न असा : राज्य बुडाले तेव्हा ते कोणामुळे बुडाले?

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर गुजरातीने दिले. सुरतेतील शिक्षक नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ ही कादंबरी १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. गुजराती भाषेतील ही पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते, आणि तिचा नायक गुजरातचा शेवटचा राजपूत राजा करण वाघेला हा आहे. ‘घेलो’ म्हणजे खुळा, वेडा. परंपरेने या राजाला दिलेले हे विशेषण लेखकाने शीर्षकातच घेतले आहे. करण आपल्या प्रधानाच्या, माधवाच्या, पत्नीचे हरण करतो. तिच्या रक्षणासाठी उभा राहिलेला माधवाचा भाऊ मारला जातो, त्याची पत्नी सती जाताना शाप देते, आणि सूडाने पेटलेला माधव दिल्लीला जाऊन अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेला गुजरातची वाट दाखवतो. अणहिलवाड पाटण पडते, राणी दिल्लीच्या जनानखान्यात जाते, आणि राजा दक्षिणेकडे पळतो.

या पळण्याने ही कथा महाराष्ट्राच्या भूमीवर येते. करण आश्रय घेतो तो बागलाणात, आणि त्याच्या देवळदेवी या मुलीचे नाव जोडले जाते ते देवगिरीच्या रामदेवरावाच्या पुत्राशी. पुढे तीही दिल्लीच्या हाती लागते. गुजरातच्या राज्याचा अस्त आणि यादवांच्या राज्यावर पडू लागलेली छाया या दोन घटना येथे एकाच कथानकात येतात. मराठी वाचकाला ही कादंबरी परक्या प्रांताची वाटण्याचे कारण नाही. तिच्या उत्तरार्धातील डोंगर त्याच्या परिचयाचे आहेत.

नंदशंकरांचे उत्तर स्पष्ट आहे : राज्य राजाच्या पापाने बुडाले. हेच उत्तर पुढे इतर भाषांतही उमटले. बंकिमचंद्रांच्या ‘सीताराम’मध्ये (१८८७) स्वपराक्रमाने राज्य उभारणारा राजा एका स्त्रीच्या ध्यासात कर्तव्य विसरतो आणि उभारलेले सारे गमावून बसतो, विशेष हे की ती स्त्री त्याची स्वतःची, पूर्वी टाकलेली पत्नी आहे. मराठीत हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’मध्ये स्वराज्याची पहाट रंगवली. तोच लेखक आयुष्याच्या अखेरीस ‘वज्राघाता’त विजयनगरच्या विध्वंसाकडे वळला. १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत दक्षिणेतील सुलतान एकत्र आले आणि एका दिवसात एका साम्राज्याचे भवितव्य ठरले. त्या राजकीय घटनेच्या मुळाशी आपट्यांनी रामराजाचे तारुण्यातील प्रेम, त्या प्रेमाशी झालेला द्रोह आणि त्यातून वाढलेला सूड यांची कथा घातली. मेहेरजान आणि रणमस्तखान ही पात्रे मराठी वाचकांच्या एका पिढीला इतिहासातील व्यक्तींइतकीच खरी वाटत असत.

तीन भाषांतील तीन लेखकांनी एकच कारण सांगावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ही माणसे इंग्रजी अमलात लिहीत होती. ‘करण घेलो’ प्रसिद्ध झाली तेव्हा १८५७ च्या उठावाला दहा वर्षेही झाली नव्हती. एवढी राज्ये एका शतकात कशी गेली, हा प्रश्न सुशिक्षितांच्या मनात होता. पण जवळच्या काळाबद्दल तो उघडपणे विचारणे सोपे नव्हते. तेराव्या किंवा सोळाव्या शतकातील राज्यान्त त्यासाठी सोयीचा होता. पापाच्या कारणात एक दिलासाही दडलेला होता. राज्य जर एका माणसाच्या चुकीने गेले असेल तर समाज निर्दोष ठरतो, आणि तसा माणूस पुन्हा गादीवर आला नाही तर राज्य पुन्हा उभे राहू शकते.

या दिलाशाची किंमत मात्र कादंबरीला मोजावी लागली. पापाच्या कथेत शत्रूची फौज ही केवळ शिक्षेचे साधन होऊन बसते. तिचा खजिना, तिचे तोफखाने, तिची राज्यव्यवस्था यांचा विचार करण्याची गरजच उरत नाही. गुजरातमध्ये याची प्रतिक्रिया निराळ्या रीतीने झाली. ‘करण घेलो’नंतर पन्नास वर्षांनी, १९१६ मध्ये, कन्हैयालाल मुनशी यांनी ‘पाटणनी प्रभुता’ लिहून त्याच पाटणचे वैभव उभे केले. गुजराती कादंबरीने पाटणचा अंत आधी लिहिला आणि उत्कर्ष मागाहून; मराठीने उत्कर्ष आधी लिहिला आणि अंत पुष्कळ काळ लांबणीवर टाकला.

३

मराठीच्या दृष्टीने खरा राज्यान्त १८१८ चा. त्याकडे पूर्ण ताकदीने वळलेला कादंबरीकार म्हणून ना. सं. इनामदार यांचे नाव घ्यावे लागते. ‘झेप’ (१९६३) त्रिंबकजी डेंगळ्यावर, ‘झुंज’ (१९६६) यशवंतराव होळकरावर आणि ‘मंत्रावेगळा’ (१९६९) दुसऱ्या बाजीरावावर. ही तीन पुस्तके प्रसिद्धीच्या क्रमाने वाचली, तर पेशवाईच्या अखेरच्या दोन दशकांकडे लेखक तीन बाजूंनी येत गेल्याचे दिसते. ‘राऊ’मुळे इनामदारांना अधिक वाचक लाभले, परंतु त्यांच्या लेखणीचा कस लागला तो या त्रयीत.

कारण येथे नायकाच्या बाजूने काहीच नव्हते. दुसऱ्या बाजीरावाला मराठी बोलीने ‘पळपुटा’ हे विशेषण कायमचे चिकटवले आहे, आणि ‘घेलो’प्रमाणेच तेही एका शब्दातला निकाल आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून त्याने कंपनीची फौज स्वीकारली. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला आणि त्रिंबकजीला इंग्रजांच्या स्वाधीन करण्याची पाळी आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढचे सहा-सात महिने फौजेसह भटकून जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. १८५१ पर्यंत तो तेथे जगला, ही गोष्टही लोकांनी त्याला क्षमा केली नाही. रणात पडलेल्या बापू गोखल्याला जे मिळाले ते तेहतीस वर्षे तनखा खाणाऱ्या धन्याला मिळणे शक्य नव्हते.

इनामदारांनी या माणसाचे वकीलपत्र घेतले. बाजीरावाची प्रचलित प्रतिमा बऱ्याच अंशी रेसिडेन्सीच्या कागदपत्रांतून आणि त्याच्या विरोधकांच्या लेखनातून तयार झालेली आहे, हे त्यांनी ओळखले. जेत्याचा कागद जित्याविषयी जे सांगतो ते उलटून वाचता येते, ही दृष्टी मराठी कादंबरीत त्यांनी रुजवली. त्यांचा बाजीराव भित्रा नाही. चहूबाजूंनी वेढलेला, कोणावर विश्वास टाकावा हे न कळणारा, पण स्वातंत्र्याची इच्छा मनात सांभाळणारा असा तो पुरुष आहे. पापाच्या कथेत जो केवळ दोषी होता त्याला येथे प्रथमच स्वतःची बाजू मांडता आली. हे कार्य मोठे होते, आणि त्यानंतरच्या मराठी लेखकांना निंदित व्यक्तींकडे नव्याने पाहण्याचे धैर्य मिळाले त्यात इनामदारांचा वाटा फार मोठा आहे.

तथापि बचावाच्या भाषणाला स्वतःची मर्यादा असते. एका आरोपीला सोडवायचे म्हणजे दोष दुसऱ्यावर टाकावा लागतो. बाजीराव निर्दोष होऊ लागला की फितुरांची संख्या वाढते, सरदारांचा स्वार्थ ठळक होतो आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या बुद्धीला अमानुष धार येते. वाचकाला अखेरीस बाजीरावाविषयी कणव वाटते. पण ज्या राज्यव्यवस्थेत एका माणसाच्या मनःस्थितीवर सारे अवलंबून राहिले तिच्याविषयी प्रश्न पडत नाही. निकाल फिरला, पण खटला तोच राहिला.

४

हा खटलाच बाजूला ठेवणारी कादंबरी कन्नडमध्ये तेरा वर्षे आधी लिहिली गेली होती. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची ‘चिक्कवीर राजेंद्र’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या वेळी तिचाच विशेष गौरव झाला. मास्तींनी राज्यान्ताचा विषय पूर्वीही हाताळला होता. बिदनूरच्या नायकांचे राज्य हैदरअलीच्या हाती जाण्याच्या काळावर त्यांनी ‘चन्नबसवनायक’ लिहिली होती. दोन्ही वेळा त्यांनी लहान राज्य निवडले. साम्राज्याच्या पतनात कारणे इतकी विखुरलेली असतात की कादंबरी त्यांच्या मागे धावताना थकते. कोडगूसारख्या डोंगराळ, मर्यादित राज्यात मात्र राजा, मंत्री, पुरोहित, सावकार आणि शेतकरी एकमेकांना ओळखतात. प्रत्येकाचे कृत्य दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचते.

चिक्कवीर राजेंद्र हा हालेरी वंशातील कोडगूचा शेवटचा राजा. त्याच्याजवळ सद्‌गुण फारसे नाहीत, आणि मास्ती ते शोधत बसत नाहीत. तो व्यसनी आहे, संशयी आहे, क्रूर आहे. बालपणापासूनचा सोबती, पायाने अधू असलेला बसव, त्याच्या सर्व वासनांचा भागीदार आणि पुढे मंत्री होतो. राजाची बहीण देवम्माजी आणि तिचा नवरा चन्नबसव त्याच्या भयाने इंग्रजांच्या आश्रयास जातात. इतिहासातही हेच घडले आणि कंपनीला हस्तक्षेपाचे निमित्त मिळाले. इतक्यावर थांबून मास्तींना ‘करण घेलो’ पुन्हा लिहिता आली असती. पण येथूनच त्यांची वाट वेगळी होते.

त्यांचे लक्ष राजाच्या पापापेक्षा त्या पापाभोवती उभ्या असलेल्या चांगल्या माणसांवर आहे. लक्ष्मीनारायणय्या हा ब्राह्मण मंत्री निष्ठावंत आणि विवेकी आहे. राजाला आवरणे आपले कर्तव्य आहे हे त्याला कळते आणि राजाशी द्रोह करणे पाप आहे हेही त्याला कळते. बोपण्णा हा कोडवांचा मानी नेता. राजाच्या जाचातून भूमी सोडवावी या बुद्धीने तो अखेरीस इंग्रजांना वाट मोकळी करून देतो. राणी पतीला सोडीत नाही आणि त्याच्या कृत्यांना संमतीही देत नाही. यांतील प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी समजण्यासारखा आहे, बहुतेकांचा हेतू शुद्ध आहे, आणि या सर्व निर्णयांची बेरीज म्हणजे कोडगूचा नाश. एका दुष्ट माणसाने राज्य बुडवले असे मास्ती म्हणत नाहीत, आणि तो दुष्ट नव्हता असेही म्हणत नाहीत. दुष्टाला दूर सारण्याचा स्वतःचा मार्ग ज्या राज्याला सापडत नाही ते राज्य तो मार्ग बाहेरून आणते, आणि आणलेली वस्तू मग परत जात नाही, हे त्यांनी दाखवले आहे.

या कथेतील उपरोध इतिहासानेच पुरवला आहे. १८३४ मध्ये कर्नल फ्रेझरने काढलेल्या जाहीरनाम्यात कोडगू खालसा करण्याचे कारण म्हणून तेथील रहिवाशांची एकमुखी इच्छा नमूद केलेली आहे. राजापासून सुटका मागणाऱ्यांच्या तोंडी परराज्याची मागणी घातली गेली. पदच्युत राजाला आधी वेलोरला आणि नंतर काशीला नेण्यात आले. १८५२ मध्ये तो आपल्या धाकट्या मुलीला, गौरम्माला, घेऊन लंडनला गेला. तेथे तिला ख्रिस्ती दीक्षा देण्यात आली. राणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता झाली. कंपनीकडे अडकलेल्या आपल्या पैशासाठी तो विलायतेच्या न्यायालयात दाद मागत राहिला आणि १८५९ मध्ये तिकडेच मरण पावला. कित्येक वर्षे गंगेच्या काठी एकाच वेळी दोन पदच्युत राजे राहत होते, एक ब्रह्मावर्तास आणि एक काशीस. ‘मंत्रावेगळा’ आणि ‘चिक्कवीर राजेंद्र’ या कादंबऱ्या पाठोपाठ वाचणाऱ्याला हा योग विसरता येत नाही. पहिल्या पुस्तकाने मनात निर्माण केलेली करुणा दुसरे पुस्तक नाहीशी करीत नाही. ते तिला विचारायला लावते.

५

मास्तींच्या कादंबरीतही दृष्टी राजवाड्यातलीच आहे. राज्यान्ताच्या पुढच्या कादंबऱ्यांनी ती जागा बदलली. मणिपुरी भाषेत महाराजकुमारी बिनोदिनी देवी यांची ‘बोर साहेब ओंग्बी सनातोम्बी’ १९७६ मध्ये आली आणि तिला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मणिपूरचा राज्यान्त १८९१ चा : आसामचा चीफ कमिशनर क्विंटन याच्यासह पाच इंग्रज अधिकाऱ्यांचा वध, खोंगजोमची लढाई, आणि १३ ऑगस्ट रोजी इंफाळमध्ये युवराज टिकेंद्रजिताला दिलेली फाशी. वीरकाव्याला लागणारी सारी सामग्री येथे तयार होती. बिनोदिनी यांनी ती मध्यभागी ठेवली नाही. त्यांनी निवडली राजकन्या सनातोम्बी, जी युद्धानंतर ब्रिटिश पोलिटिकल एजंट मॅक्सवेल याच्या सहवासात राहिली. स्वकीयांच्या दृष्टीने ती शत्रूच्या घरी गेलेली बाई; परकीयांच्या दृष्टीने तिला नावही नाही. लेखिका स्वतः महाराज चूडाचांद यांची कन्या. ज्या बालकाला १८९१ नंतर इंग्रजांनी गादीवर बसवले त्याचीच ही मुलगी. विजेत्याच्या मर्जीने चाललेल्या राजघराण्यात वाढलेल्या लेखणीने सनातोम्बीविषयी लिहावे यात एक कठोर प्रामाणिकपणा आहे. पराभवानंतर माणसे जगतात कशी आणि त्या जगण्याला द्रोह म्हणावे काय, हा प्रश्न तिने विचारला आहे.

उर्दूत शम्सुर रहमान फारुकी यांनी ‘कई चाँद थे सर-ए-आसमाँ’ (२००६) या विशाल कादंबरीत दिल्लीच्या अस्ताकडे पाहताना बादशहाला दूर ठेवले. मध्यभागी आहे वझीर खानम, कवी दाग देहलवी यांची आई. तिच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांपैकी नवाब शम्सुद्दीन अहमद खान याला विल्यम फ्रेझरच्या खुनाबद्दल १८३५ मध्ये फाशी झाली. शेवटचा पती मिर्झा फख्रू हा बहादुरशहाचा युवराज, तो १८५६ मध्ये वारला. कादंबरी तेथेच थांबते. १८५७ तिच्यात येत नाही, तरी प्रत्येक पानावर त्याची चाहूल आहे. शाली, चित्रे, पत्रलेखनाचे शिष्टाचार, काव्याच्या बैठका यांची सविस्तर वर्णने वाचताना वाचकाला कळून चुकते की बुडणार आहे ती केवळ एक गादी नव्हे. राज्याबरोबर जी संस्कृती जाते तिचा हिशेब कोणत्याही तहनाम्यात नसतो. तो फारुकींनी मांडला.

मराठीतही ही दृष्टी अगदीच अनोळखी नाही. तिचा मूळपुरुष कादंबरीकार नव्हता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या वृत्तान्तात राणी आहे, तशी लुटलेल्या शहरातील तहान आणि भीतीही आहे. भटजींना राज्य वाचवायचे नव्हते. त्यांना जिवंत घरी जायचे होते. म्हणूनच त्यांना जे दिसले ते कोणा सेनापतीला दिसले नसते. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ (१९९७) आणि ‘बखर अंतकाळाची’ (२०१०) या कादंबऱ्यांचा अंताजी याच कुळातला. बखरीच्या भाषेचे सोंग घेऊन तो पेशवाईच्या काळाकडे तिरकस, अनादराच्या, पण अतिशय चौकस नजरेने पाहतो. मोठ्यांच्या मसलतींत त्याला स्थान नाही. मसलतींचे परिणाम मात्र त्याच्या अंगावर येतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीला एवढा हसरा आणि एवढा निर्मम निवेदक क्वचितच लाभला असेल. त्याचा वाचकवर्ग ‘स्वामी’च्या तुलनेने लहान राहिला, यात नायकाचे नाव पाहून पुस्तक घेण्याची सवय आड आली असावी.

६

येथवरच्या विवेचनातून वाचनाचा एक क्रम आपोआप तयार होतो. ‘वज्राघात’ आणि ‘करण घेलो’ यांनी आरंभ करावा, म्हणजे पापाची कथा तिच्या पूर्ण नाट्यासह अनुभवता येईल. मग ‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’. त्यानंतर लगेच ‘चिक्कवीर राजेंद्र’. आणि त्यापुढे सनातोम्बी, वझीर खानम आणि अंताजी यांची सोबत. प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाने दिलेल्या उत्तराची परीक्षा घेते. दोषी कोण, येथून वाचक निघतो; आरोपीचे म्हणणे ऐकतो; मग आरोपीखेरीज इतरांनी काय केले हे पाहतो; आणि अखेरीस ज्यांना कोणी काहीच विचारले नाही त्यांच्यापाशी येऊन पोचतो.

अन्य भाषांतील ऐतिहासिक कादंबरीकडे वळू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला बहुधा त्या त्या भाषेची वीरगाथा सुचवली जाते. तमिळमधून कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’, गुजरातीतून मुनशींची पाटणविषयक मालिका, हिंदीतून वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’. ही पुस्तके रसाळ आहेत आणि त्यांचे वाचन आनंदाचे आहे. परंतु प्रत्येक प्रांताचा अभिमान वाचून वाचकाला आपल्या अभिमानाचेच प्रतिबिंब दिसते. राज्यान्ताच्या कादंबऱ्या वाचताना त्याला दुसऱ्या प्रांताचे मन आतून दिसते, कारण पराभवाचा हिशेब मांडताना भाषा स्वतःशी बोलत असते, इतरांना दाखवण्यासाठी बोलत नसते.

हे वाचन घडायचे तर अनुवाद हवेत. उमा कुलकर्णी यांच्यामुळे भैरप्पा मराठीत घरचे झाले. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची ‘आदान-प्रदान’ माला आणि साहित्य अकादमी यांनी भाषांमधील ये-जा चालू ठेवली. तथापि अनुवादाची निवडही वाचकाच्या मागणीवर अवलंबून असते, आणि मागणी नायकाच्या नावाभोवती फिरत राहिली तर मास्ती आणि बिनोदिनी यांना मराठी कपाटात जागा मिळणे अवघडच राहील.

या वाचनातून मराठीच्या एका उणिवेकडेही लक्ष जाते. १८१८ वर मराठीत आरोप झाला, बचाव झाला आणि उपहासही झाला. बाजीराव, एल्फिन्स्टन, बापू गोखले, बाळाजीपंत नातू, पेशव्यांची रयत आणि पेशव्यांच्या राज्यात ज्यांना माणूस म्हणून उभे राहण्याची मुभा नव्हती ते लोक, या सर्वांना एकाच वेळी त्यांच्या त्यांच्या जागी समजून घेणारी कादंबरी अद्याप व्हायची आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईकडे महाराष्ट्रातील दोन समाज दोन दृष्टींनी पाहतात. एकाला तेथे राज्य जाताना दिसते, दुसऱ्याला बेडी तुटताना दिसते. कोडगूत बोपण्णाने ज्या इच्छेने दार उघडले तिच्याशी यांतील दुसऱ्या दृष्टीचे दूरचे नाते आहे, आणि मास्तींनी बोपण्णाला द्रोही ठरवले नाही. इतका समभाव मराठी कादंबरीकाराला साधेल तेव्हा ती कृती वाचण्यासाठी तयार झालेला वाचकही हवा. तो वाचक वीरगाथांच्या वाचनातून एकाएकी निर्माण होणार नाही. करण, चिक्कवीर आणि सनातोम्बी यांच्या सहवासात तो हळूहळू घडेल.